छोट्या चित्रांचा छंद

हा लेख हौसेने काढल्या जाणाऱ्या लहान आकाराच्या चित्रांविषयी आहे. मुघल, राजस्थानी, पहाडी इत्यादी दरबारी शैलींसाठी 'लघुचित्रकला' हा लेख पाहा.

छोट्या चित्रांचा छंद म्हणजे उपजीविका, प्रदर्शन किंवा स्पर्धा हा मुख्य हेतू न ठेवता, स्वतःच्या आनंदासाठी वहीच्या किंवा पोस्टकार्डाच्या आकाराची रेखाटने व रंगचित्रे नियमितपणे काढण्याची सवय होय. पेन्सिल, शाई, जलरंग व रंगीत खडू ही या छंदातील प्रमुख माध्यमे आहेत. चित्राचा आकार सामान्यतः तळहातापासून शालेय वहीच्या पानापर्यंत असतो. बहुतेक चित्रे काही मिनिटांत किंवा फार तर एक-दोन तासांत, एका बैठकीत पूर्ण होतात. अशी चित्रे काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोऱ्या वहीस रेखाटनवही किंवा स्केचबुक असे म्हणतात.

महाराष्ट्रात या छंदाची मुळे शालेय चित्रकलेच्या तासात, शासकीय रेखाकला परीक्षांत आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून विकसित झालेल्या जलरंग परंपरेत आढळतात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावी कलादालने नसली, तरी यादवकालीन मंदिर, आठवडे बाजार, जुनी घरे आणि सह्याद्रीच्या रांगा असे चित्रविषय सहज उपलब्ध असल्याने छंदाचे उदाहरण म्हणून हा परिसर अभ्यासण्याजोगा आहे.

स्वरूप

या छंदातील 'छोटे' हा शब्द केवळ मापाचा नाही. आकार लहान ठेवल्यामुळे वेळ, खर्च, जागा आणि भीती या चारही गोष्टी कमी होतात. ए-६ आकाराचा कागद (१०५ × १४८ मिलिमीटर) हा ए-३ कागदाच्या एक अष्टमांश भरतो. म्हणजेच तेवढ्याच विषयासाठी आठपट कमी पृष्ठभाग रंगवावा लागतो. चित्र बिघडले तर एक छोटे पान वाया जाते आणि पुढचे पान लगेच समोर असते. नवशिक्याला या गोष्टीचा मोठा आधार वाटतो.

दुसरीकडे, लहान आकार काही बंधनेही घालतो. पोस्टकार्डाएवढ्या जागेत संपूर्ण मंदिराचे प्रत्येक शिल्प दाखवता येत नाही. काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निर्णय घ्यावाच लागतो. निवड करण्याची ही सवय या छंदाचा गाभा मानली जाते.

हौशी आणि व्यावसायिक चित्रकार यांच्यातील भेद हा कौशल्याचा नसून हेतूचा आहे. व्यावसायिक चित्रकारही मोठ्या चित्रापूर्वी लहान कच्ची रेखाटने करतात. परंतु त्यांच्या दृष्टीने ती तयारी असते. हौशी व्यक्तीसाठी मात्र ते छोटे चित्र हेच अंतिम चित्र असते.

इतिहास

पाश्चात्त्य पार्श्वभूमी

या छंदाचा प्रसार साहित्याच्या सुलभतेशी जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जलरंग वापरणाऱ्यास रंगद्रव्य स्वतः घोटून डिंकात मिसळावे लागे. १७८०च्या सुमारास लंडनच्या विल्यम रीव्ह्ज यांनी जलरंगाच्या तयार वड्या विक्रीस आणल्या. १७९५ साली फ्रान्समध्ये निकोलस-जॅक कॉन्ते यांनी ग्राफाइटची पूड व चिकणमाती भाजून पेन्सिलीचे शिसे बनविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण बदलून शिसे कठीण किंवा मऊ करता येऊ लागले. १८४१ साली जॉन गॉफ रँड यांनी घडी घालता येणाऱ्या धातूच्या रंगनळीचे पेटंट घेतले. या तीन सुधारणांमुळे चित्रकलेचे साहित्य खिशात किंवा पिशवीत मावू लागले आणि चित्रशाळेबाहेर पडणे सोपे झाले.

१८५७ साली इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी हौशी विद्यार्थ्यांसाठी रेखाटनाचे प्राथमिक पुस्तक लिहिले. चित्रकार घडविण्यापेक्षा निसर्गाकडे नीट पाहायला शिकविणे, हा त्याचा उद्देश होता. विसाव्या शतकात ब्रिटिश राजकारणी विन्स्टन चर्चिल यांनी १९१५ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पदत्यागानंतरच्या निराशेच्या काळात कुंचला हाती घेतला आणि पुढे या छंदावर पुस्तकही लिहिले. प्रौढ वयात सुरू केलेल्या हौशी चित्रकलेचे हे वारंवार दिले जाणारे उदाहरण आहे.

भारत व महाराष्ट्र

महाराष्ट्रात कागदावरील लहान चित्रांची परंपरा जुनी आहे. सचित्र पोथ्या, जन्मपत्रिकांवरील चित्रे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी परंपरेतील चित्रे ही त्याची उदाहरणे होत. मात्र ती धार्मिक किंवा व्यावसायिक गरजेतून निर्माण झाली. प्रत्यक्ष समोर पाहून केलेल्या रेखाटनाचे एक आरंभीचे मराठी नाव गंगाराम चिंतामण तांबट यांचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्यांनी लेणी, माणसे आणि प्राणी यांची रेखाटने केली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे १७९० सालचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाल्यानंतर प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले चित्रशिक्षण रुजले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके (जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०) यांनीही १८८५ साली याच शाळेत प्रवेश घेतला होता. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील लोकांची चित्रे काढली. त्यांपैकी अनेक विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रपोस्टकार्डांच्या रूपाने घरोघरी पोहोचली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्यासारख्या चित्रकारांनी पारदर्शक जलरंगाला प्रतिष्ठा मिळवून दिली. नाशिकमध्ये गोदाकाठचे घाट, मंदिरे व वाडे हे जलरंगाचे आवडते विषय ठरले. या संदर्भात चित्रकार शिवाजी तुपे यांचे नाव आदराने घेतले जाते.

चित्रकार हा ज्यांचा मुख्य व्यवसाय नव्हता, अशा व्यक्तींमध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा उल्लेख आवश्यक आहे. राज्यकारभार, कीर्तन व सूर्यनमस्काराचा प्रसार यांसोबत त्यांनी आयुष्यभर चित्रकला जोपासली आणि औंध येथे चित्रसंग्रहालय उभारले. त्याच संस्थानातील माडगूळ गावी जन्मलेले लेखक व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) हे रानावनात हिंडताना रेखाटने करीत. त्यांच्या लेखनातील नेमके निरीक्षण आणि त्यांचे रेखाटन यांचे नाते जवळचे आहे. रवींद्रनाथ टागोर यांनी हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना आकार देता देता चित्रे काढण्यास सुरुवात केली आणि १९३० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

अलीकडील काळ

२००७ साली अमेरिकेतील सिएटल येथील वृत्तपत्र-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांच्या पुढाकाराने 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ सुरू झाली. प्रत्यक्ष जागेवर बसून, डोळ्यांसमोरील दृश्य रेखाटणे हे तिचे मुख्य सूत्र आहे. मुंबई व पुणे येथेही असे गट एकत्र येऊन रेखाटन करतात. २००९ साली जेक पार्कर यांनी सुरू केलेल्या 'इंकटोबर' या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात रोज एक शाईचे चित्र काढले जाते. १९९०च्या दशकात झ्युरिकमध्ये सुरू झालेल्या चित्रपत्ते बदलण्याच्या प्रथेत ६४ × ८९ मिलिमीटर एवढ्याच आकाराची चित्रे काढून ती विकण्याऐवजी परस्परांत बदलली जातात.

साहित्य

कागद

पेन्सिलीसाठी साधी कोरी वही पुरते. जलरंगासाठी मात्र जाड कागद लागतो. कागदाची जाडी जीएसएम, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममधील वजन, या एककात सांगतात. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो व पाणी लागताच सुरकुततो. २०० जीएसएमचा कागद हलका रंग सहन करतो, तर ३०० जीएसएमचा कागद भरपूर पाणी वापरले तरी फारसा वाकत नाही. मोठा ताव विकत घेऊन त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. २२ × ३० इंचांच्या एका पूर्ण तावातून ५.५ × ३.७५ इंचांचे ३२ तुकडे निघतात. दररोज एक चित्र काढणाऱ्यास एक ताव महिनाभर पुरतो. टपाल खात्याचे पोस्टकार्ड (१४ × ९ सेंटिमीटर) पेन्सिल व बॉलपेनच्या चित्रासाठी चालते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. चित्र काढून पाठविलेले पोस्टकार्ड हा या छंदाचा एक जुना व आपुलकीचा प्रकार आहे.

पेन्सिल व शाई

एचबी ही लिहिण्याची पेन्सिल रेखाटनास चालते; २बी व ४बी या मऊ पेन्सिली छायेसाठी उपयुक्त ठरतात. खोडरबराचा वापर जितका कमी, तितका हात लवकर सुधारतो. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा काढली, तर चूक किती व कोणत्या दिशेला झाली, हे डोळ्यांना दिसत राहते. शाईने रेखाटून वरून जलरंग द्यायचा असल्यास शाई पाण्याने न विरघळणारी असावी. फाउंटन पेनची नेहमीची निळी शाई पाण्यात पसरते. काही जण तिचा उपयोग मुद्दाम छाया देण्यासाठी करतात.

रंग व कुंचले

१९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या निर्मितीपासून सुरू केलेल्या कॅम्लिन या उद्योगाचे 'कॅमल' रंग महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या शालेय दप्तरात राहिले आहेत. तालुक्याच्या गावातील स्टेशनरीच्या दुकानातही रंगवड्यांची पेटी मिळते. नवशिक्याने अनेक रंग घेण्यापेक्षा पाच-सहा रंग घेऊन मिश्रणे शिकावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. एक पिवळा, एक तांबडा, अल्ट्रामरीन निळा, यलो ऑकर (पिवळ्या मातीचा रंग) आणि बर्न्ट सिएना (भाजलेल्या तांबूस मातीचा रंग) एवढ्यात बहुतेक निसर्गदृश्ये रंगविता येतात. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळल्यास ऊबदार ते थंड अशा अनेक करड्या छटा मिळतात. दख्खनच्या काळ्या पाषाणासाठी, म्हणजेच बेसाल्ट खडकासाठी, हे मिश्रण तयार काळ्या रंगापेक्षा अधिक जिवंत दिसते.

लहान चित्रासाठी एक मध्यम व एक बारीक असे दोन गोल कुंचले पुरेसे असतात. कुंचला ओला केल्यावर त्याचे टोक सुईसारखे जुळणे, ही चांगल्या कुंचल्याची खूण होय. कुंचला पाण्यात टोकावर उभा ठेवू नये. टोक कायमचे वाकते.

पद्धती

निरीक्षण

नवशिक्याची मुख्य अडचण हाताची नसून डोळ्यांची असते. घर, झाड, डोळा यांच्या लहानपणापासून मनात बसलेल्या खुणा हात कागदावर उतरवतो आणि समोरचे विशिष्ट घर बाजूलाच राहते. यावर पुढील उपाय उपयोगी पडतात :

• खिडकी : पुठ्ठ्यात कागदाच्या प्रमाणात चौकट कापून तिच्यातून दृश्य पाहावे. दृश्याच्या सीमा ठरतात व निवड सोपी होते.
• माप : हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने उंची व रुंदीचे प्रमाण घ्यावे. कोपर वाकवल्यास माप बदलते.
• मोकळी जागा : वस्तूऐवजी वस्तूंमधील रिकाम्या जागेचा आकार काढावा. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांमधील जागा काढली की आरे आपोआप बरोबर येतात.
• डोळे किलकिले करणे : यामुळे बारीक तपशील नाहीसा होतो आणि उजेड व सावलीचे मोठे पट्टे दिसतात.
• दृष्टिरेषा : काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा प्रथम ठरवावी. तिच्या वरील आडव्या कडा दूर जाताना खाली झुकतात, तर खालील कडा वर चढतात. यथादर्शनाचा हा मूळ नियम आहे.

जलरंगाचा क्रम

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदाचा कोरा भाग. त्यामुळे जेथे उजेड हवा ती जागा आधीच सोडावी लागते. रंग फिक्याकडून गडदाकडे चढविला जातो. ओल्या कागदावर ओला रंग दिल्यास कडा विरघळतात. आकाश, धुके व दूरचे डोंगर यांसाठी ही रीत योग्य ठरते. कोरड्या कागदावर दिलेला रंग स्पष्ट कडा सोडतो; इमारती, खोडे व सावल्या यांसाठी ती वापरतात. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा कुंचला फिरविणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. त्यामुळे डाग पडतात व रंग मळकट होतो.

हवामानाचाही विचार करावा लागतो. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रंगाचा लेप पसरेपर्यंत वाळू लागतो, म्हणून कागद आधी पाण्याने भिजवून घेणे व सकाळी लवकर काम करणे इष्ट. श्रावणात त्याउलट एक लेप वाळण्यास बराच वेळ लागतो. अशा वेळी पेन्सिल किंवा शाई सोयीची पडते.

वेळेचे बंधन

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासात सावलीची दिशा बदलते आणि दीड तासात दृश्य निराळेच होते. म्हणून सावल्या सुरुवातीलाच हलक्या रेषेने आखून घ्याव्यात व पुढे त्या बदलू नयेत. हालत्या माणसांसाठी एक-दोन मिनिटांची रेखाटने उपयुक्त ठरतात. त्यांत चेहऱ्यापेक्षा शरीराचा कल, खांद्यांची रेषा व पायांवरील भार यांकडे लक्ष दिले जाते.

सिन्नर परिसरातील चित्रविषय

सिन्नर हे नाशिक–पुणे महामार्गावर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. देवगिरीपूर्वी ते यादवांच्या सत्तेचे केंद्र होते. तेथील गोंदेश्वर मंदिर हे यादवकालीन, भूमिज शैलीतील शिवमंदिर असून मुख्य मंदिराभोवती चार लहान मंदिरे असलेल्या पंचायतन रचनेचे ते उत्तम उदाहरण आहे. समोर नंदीमंडप आहे आणि सर्व मंदिरे एका उंच जोत्यावर उभी आहेत.

छोट्या चित्राच्या दृष्टीने हे मंदिर एक आव्हान आहे. शिखरावर लहान शिखरप्रतिकृतींच्या ओळी खालून वर लहान लहान होत जातात. प्रत्येक प्रतिकृती काढू पाहणाऱ्याचा कागद तिसऱ्या ओळीतच भरून जातो. त्याऐवजी प्रथम संपूर्ण शिखराची बाह्यरेषा, मग मधला उभा पट्टा, मग ओळींच्या आडव्या खुणा आणि शेवटी एकाच भागात चार-पाच प्रतिकृतींचा तपशील, असा क्रम ठेवल्यास पाहणाऱ्याचा डोळा उरलेला तपशील स्वतः पुरा करतो. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकामाच्या सावल्या ठळक असतात. भर दुपारी दगड सपाट भासतो. संपूर्ण मंदिराऐवजी एखादे लहान मंदिर, खांबाचा तळ किंवा नंदीमंडपाच्या चौकटीतून दिसणारा मुख्य मंदिराचा भाग हे विषय आरंभासाठी अधिक सोपे आहेत. मंदिर संरक्षित स्मारक असल्याने भिंतींवर कागद चिकटविणे, दगडावर रंगाचे पाणी सांडणे हे कटाक्षाने टाळावे. घोडी उभी करायची असल्यास तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

माणसांच्या रेखाटनासाठी आठवडे बाजार ही खुली शाळा आहे. भाजीच्या ढिगापाठीमागे बसलेली स्त्री, काटा धरलेला हात, पोत्यावर रेललेला हमाल असे विषय तेथे क्षणोक्षणी बदलतात. विडी वळणे हा सिन्नरमधील अनेक स्त्रियांचा दीर्घकाळ व्यवसाय राहिला आहे. मांडीवरील सूप, पान कापणारी कात्री आणि सरावाने चालणारी बोटे हा हातांच्या अभ्यासाचा विलक्षण विषय होय. अशा वेळी आधी परवानगी विचारणे आणि झालेले चित्र त्या व्यक्तीला दाखविणे हा शिष्टाचार आहे. कष्ट करणारी व्यक्ती म्हणजे केवळ चित्राचा विषय नव्हे, याचे भान असावे.

निसर्गचित्रासाठी पश्चिमेकडे पट्टा (विश्रामगड) व औंढा या किल्ल्यांच्या रांगा आहेत. पूर्वेकडे निफाड तालुक्याच्या सीमेवर नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. २०२० साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्ष्यांची त्वरित रेखाटने करता येतात. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील 'गारगोटी' या खनिज संग्रहालयात दख्खनच्या खडकांच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट गटातील स्फटिक पाहावयास मिळतात. त्यांचे कोन व पैलू हा भूमिती आणि छायाप्रकाश यांचा एकत्र अभ्यास ठरतो.

विषय शोधण्यासाठी बाहेर पडलेच पाहिजे असे नाही. पितळी तांब्या, दाराची कडी, उंबरठ्यावरच्या चपला, खुंटीवरची टोपी, झोपलेले मांजर यांनीही अनेकांच्या वह्या भरलेल्या असतात.

शालेय शिक्षण आणि छंद

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील विषय होत. खेड्यापाड्यांतील हजारो मुलांच्या हाती याच परीक्षांमुळे प्रथमच चांगला कागद व रंग आला, हे त्यांचे मोठे योगदान आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याची तरतूदही करण्यात आली.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. परीक्षेतील चित्राला ठरलेला वेळ, ठरलेला आकार व ठरावीक अपेक्षा असतात. गुणांसाठी तीच ती पाठ केलेली निसर्गदृश्ये, म्हणजे दोन डोंगरांमधला सूर्य, झोपडी आणि नदी, अनेक वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली. ज्या गावाच्या डोंगरामागे सूर्य मावळतो, तो डोंगर मात्र कागदावर आला नाही. दहावीनंतर गुणांचे प्रयोजन संपताच बहुसंख्य विद्यार्थ्यांची रंगपेटी बंद होते. 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य प्रौढ माणसे सहजपणे उच्चारतात, त्यामागे बहुधा शाळेत मिळालेला एखादा शेरा किंवा शेजारच्या बाकावरील अधिक सफाईदार चित्राशी झालेली तुलना असते. मूल मात्र कोणीही न शिकविता भिंतीवर कोळशाने रेघा ओढू लागते. छंद म्हणून चित्र काढणे म्हणजे ती तुटलेली सवय गुण व तुलना यांच्याविना पुन्हा जोडणे होय.

म्हणून शाळेत रेखाटनवही ठेवताना तिला गुण न देणे, मुलांना पान दाखविण्याची सक्ती न करणे आणि नमुना फळ्यावर न काढता वस्तू टेबलावर ठेवणे, या तीन साध्या गोष्टी उपयुक्त ठरतात. शिक्षकाने स्वतःही वर्गात बसून, चुकत-माकत, चित्र काढावे; मुलांची भीड त्यामुळे लवकर चेपते.

परिणाम व मर्यादा

२०१६ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी ३९ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात, ४५ मिनिटे मोकळेपणाने कलाकृती केल्यानंतर सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी कमी झाल्याचे आढळले. पूर्वी कला शिकलेल्या व न शिकलेल्या व्यक्तींत याबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. नमुना लहान असल्याने आणि तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा निष्कर्ष मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो. त्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्द केवळ लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढल्यास तो अधिक चांगला स्मरणात राहतो, असे दिसून आले. चित्राचा दर्जा त्यात महत्त्वाचा ठरला नाही. हा छंद म्हणजे मानसिक आजारावरील उपचार नव्हे. कलोपचार ही प्रशिक्षित तज्ज्ञांनी करावयाची वेगळी शाखा आहे.

भ्रमणध्वनीने क्षणात छायाचित्र घेता येत असताना चित्र कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. छायाचित्र चौकटीतील सर्व गोष्टी समान टिपते. रेखाटन करणारा मात्र वीस मिनिटे एकाच गोष्टीकडे पाहतो आणि ती कशी उभी आहे, हे समजून घेतो. छायाचित्रावरून चित्र काढणे त्याज्य नाही. परंतु त्यात खोलीचा व प्रमाणाचा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो. म्हणून निदान आरंभी प्रत्यक्ष वस्तूवरून काढण्याचा आग्रह धरला जातो.

समाजमाध्यमांमुळे हौशी व्यक्तींना प्रोत्साहन व सोबत मिळते. त्याच वेळी पसंतीच्या आकड्यांची नवी परीक्षाही सुरू होते. काही जण त्यामुळे वहीतील निवडक पानेच इतरांना दाखवतात, तर काही जण वही पूर्णपणे खाजगी ठेवतात.

जतन व नोंद

प्रत्येक चित्रावर दिनांक, स्थळ व वेळ लिहावी. कालांतराने चित्रापेक्षा ही ओळच अधिक मोलाची ठरू शकते. वाडे पाडले जातात, रस्तारुंदीत ओटे व झाडे जातात, बाजार दुसरीकडे हलतो. नामवंत वास्तूंची चित्रे व छायाचित्रे अभिलेखागारांत असतात. परंतु गल्लीतील एखाद्या पडवीची, पाणवठ्याची किंवा किराणा दुकानाच्या फळीदार दाराची नोंद घेणारे सहसा कोणी नसते. अशा गोष्टींसाठी कुण्या आजोबांची किंवा शाळकरी मुलीची दिनांकित वही हाच एकमेव पुरावा उरू शकतो. अशा वेळी रेखाटन सफाईदार आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. ते प्रत्यक्ष पाहून केलेले आहे की नाही, एवढेच महत्त्वाचे असते. म्हणून कल्पनेने घातलेला भाग असल्यास तसे चित्राखाली नमूद करावे.

जलरंगांतील काही रंगद्रव्ये उन्हात फिकी पडतात. अलिझरिन क्रिमसन हा त्यांपैकी प्रसिद्ध रंग आहे. मातीचे रंग व अल्ट्रामरीन मात्र दीर्घकाळ टिकतात. भिंतीवर लावायचे चित्र थेट उन्हापासून दूर ठेवावे. आम्लयुक्त स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून जपून ठेवायच्या कामासाठी आम्लरहित कागद घ्यावा. पावसाळ्यात वह्या दमट भिंतीला टेकवून ठेवू नयेत. बुरशी व कसर यांपासून वाचविण्यासाठी त्या अधूनमधून उघडून वाऱ्यावर धराव्यात. पेन्सिलचित्रांच्या दोन पानांमध्ये पातळ कागद घातल्यास शिसे पुसले जात नाही.

हेही पाहा

• जलरंग
• रेखाटन
• व्यक्तिचित्र
• गोंदेश्वर मंदिर
• सर जे. जे. कलाशाळा
• चित्रकथी